नसलेला उंबरा

आमच्या गिरीज गावच्या घरात येऊन ज्याचं डोकं आपटलं नाही की पायाचा अंगठा फुटला नाही, तो माणूस ओटीवरूनच परत गेला असला पाहिजे. घर मुळात बुटकं, त्याची दारं त्याहून बुटकी, आणि उंबरे मात्र असे उंच की लहानपणी मी त्यांच्यावर घोडा घोडा करत बसायची. असं का, तर पावसात वाडीतलं पाणी आत शिरू नये आणि केळीच्या गारव्याला आलेलं एखादं लांबडं जनावर घरात येऊ नये. माजघरातून स्वयंपाकघरात जायचं तर आधी मान खाली, मग पाय वर, आणि उंबरा ओलांडला की लगेच एक पायरी खाली, अशी कवायतच होती. नव्या माणसाला ती जमेपर्यंत दोन-चार प्रसाद मिळायचेच. माझे बाबा चांगले ताडमाड, आणि त्यांचा जन्मच त्या घरातला असूनही वयात येताना ते अचानक उंच झाले तेव्हा घराने त्यांना बरंच झोडपलं होतं. कपाळाच्या वर, केस सुरू होतात तिथे, त्यांना एक कायमचा घट्टा पडला होता. आई म्हणायची, लग्नानंतर नवऱ्याकडे पहिल्यांदा धीर करून बघितलं तेव्हा नाकडोळ्यांच्या आधी तो घट्टाच दिसला.

आमच्यात पडलेल्या मुलाला आधी उचलत नसत, आधी पाडणाऱ्याला शिक्षा करत. मी उंबऱ्याला अडखळून पालथी पडले की आई हातातलं काम टाकून यायची, माझ्या शेजारी फतकल मारून बसायची आणि उंबऱ्याला तळहाताने फाडफाड मारायची. "मेल्या, माझ्या पोरीला पाडतोस? परत पाडशील? बोल, परत पाडशील?" प्रत्येक प्रश्नानंतर ती जरा थांबायची, जणू तो काही बोलेल. मीही रडं थांबवून कान द्यायची, कारण त्याचं काय म्हणणं आहे हे मलाही ऐकायचं असायचं. मग माझी पाळी. मी दोन फटके मारायची, हात चुरचुरायचा, आणि पायाचं दुखणं विसरून जायची. भिंत, खांब, पाट, पाण्याची घागर, ज्याने ज्याने म्हणून आम्हाला लागलं त्या सगळ्यांनी आमच्या घरात मार खाल्ला. बाबा मारायचे तेव्हा तर शेजारच्या वाडीतले लोक माना वळवून बघायचे, कारण बाबांचा आवाज वाडीतला होता. या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या पंपापाशी असलेल्या माणसाला हाक मारायची सवय झालेला माणूस घरात तरी हळू कसा बोलणार?

शिक्षेनंतर औषध. आंबेहळद आमच्या वाडीतलीच, आई ती सहाणेवर उगाळून, पळीत जराशी गरम करून टेंगळावर थापायची. कैरीसारखा तिचा वास सगळ्या घरात पसरायचा आणि बाहेरून येणाऱ्याला दारातच कळायचं की आज कोणीतरी आपटलंय. डोळ्याजवळ लागलं असलं तर पदराचा बोळा करून त्यावर तोंडाने गरम वाफ द्यायची आणि तो बोळा डोळ्यावर दाबायची. शेवटी तोंडात साखरेची चिमूट. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बघते तर कालच्या त्याच गुन्हेगाराला आईने हळदकुंकू लावलेलं, पुढे दोन बोटांची रांगोळी. मी एकदा रागावून विचारलं होतं, की काल ह्याला मारलंस आणि आज पूजा कशाला? आई म्हणाली, "मारला म्हणून काय झाला, घरातलाच हाय ना तो."

माझ्या कपाळावर डाव्या भुवईच्या वर एक आडवी रेघ आहे, ती त्याच स्वयंपाकघराच्या चौकटीची. शाळेच्या दाखल्यापासून पासपोर्टपर्यंत जिथे जिथे ओळखीची खूण विचारली, तिथे मी ती रेघ लिहीत आले. ते घर जाऊन इतकी वर्षं झाली, पण सरकारदरबारी माझी ओळख अजून त्या चौकटीनेच पटते. पन्नाशी जवळ आल्यावर आरशात पाहताना मला याची गंमत वाटते आणि जरा बरंही वाटतं.

घर गेलं ते भांडणतंट्याने नव्हे. विहिरीचं पाणी वर्षागणिक मचूळ होत गेलं, केळी वाढेना, पानवेल तर उभी वाळली. दोन्ही काकांना आपापले मार्ग दिसत होते आणि इमारती बांधणारा माणूस रोज मोटरसायकलवरून येऊन ओटीवर बसत होता. बाबा सगळ्यांत शेवटी हो म्हणाले, पण म्हणाले. त्या दिवशी आईने काही विचारलं नाही. तिने उकडहंडी केली, कंद, शेंगा, वांगी, कच्ची केळी घालून, अगदी सण असल्यासारखी. बाबा दोन घास खाऊन उठले. मला वाटतं त्यांना वाटलं असावं, ही भांडली असती तर बरं झालं असतं.

उमेळ्याच्या बाजूला, जिथे कालपरवापर्यंत चिकूची झाडं होती, तिथे उभ्या राहिलेल्या चार मजली इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायला गेलो. इमारतीचं नाव नंदनवन. वाडी तोडून बांधलेल्या इमारतीला लोक नेमकं असंच नाव कसं देतात, हे मला कधी कळलं नाही. बाबांनी स्टेशनजवळच्या बाजारात केळीची पानं, नारळ आणि फुलं विकायला एक छोटा गाळा घेतला. पहाटे जायचे ते दुपारी जेवायला यायचे आणि मग संध्याकाळी पुन्हा जायचे. फ्लॅट चांगला होता हो. उजेड होता, नळ होता, फरशी अशी की तोंड दिसावं. आई सगळीकडे अनवाणी फिरली, भिंतींना हात लावून बघितला आणि म्हणाली, "गुळगुळीत हाय." बाबांना ती तारीफ वाटली.

पहिल्या आठवड्यातच आई पडायला लागली. त्याचं कारण मला जरा उशिरा कळलं, पण ते आधीच सांगून टाकते. वीस वर्षं तिचे पाय एका घरात वावरले होते. हातात गरम पातेलं असो नाहीतर काखेत घागर, तिला खाली बघावं लागत नसे, पाय आपले आपण उचलायचे, आपले आपण पायरी उतरायचे. आता स्वयंपाकघराच्या दारात आलं की पाय नसलेल्या उंबऱ्यासाठी उंच व्हायचा, मग नसलेली पायरी उतरायला खाली जायचा, आणि फरशी मध्येच येऊन त्याला आदळायची. गुडघ्यातून असा हिसका बसायचा की ती कधी चौकटीवर जायची, कधी ओट्यावर. गिरीजला चुलीच्या डावीकडे मागचं दार होतं, विहिरीकडे जाणारं. इथे गॅसच्या डावीकडे फ्रीज होता. आई डावीकडे वळायची आणि कोपर फ्रीजवर. तिच्या दंडावर, नडगीवर, हनुवटीखाली निळे-हिरवे डाग दिसायला लागले. ज्या घरात आपटायला काहीच नव्हतं त्या घरात आई जितकी आपटली तितकी आधीच्या वीस वर्षांत आपटली नव्हती.

"बाबांना सांगू नको हां," ती मला म्हणाली. मी तेव्हा आठवीत होते. "का गो? हळद लाव ना." "लावते. पण त्यांना सांगू नको. त्यांच्या जिवाला लागंल." मला वाटलं, पडलीस तू आणि लागणार त्यांना कसं? पण मी मान डोलावली. तिने पोलक्याच्या बाह्या कोपराखालपर्यंत शिवून घेतल्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायला लागली. डाग झाकता आले, वास मात्र झाकता येईना. दुपारी बाबा दार उघडून आले की थबकायचे, नाक वर करायचे. "आंबेहळद? कोणाला लागला?"

"मला," मी म्हणायची.

तेव्हापासून घरातल्या सगळ्या जखमा माझ्या नावावर जमा व्हायला लागल्या. आईचं कोपर फ्रीजला लागलं की मी कोपर धरून बसायची, आईचा गुडघा दुखावला की मी लंगडायची. एकदोनदा मी चुकीच्या पायाने लंगडले, पण बाबांना ते उमगलं नाही. त्यांचा जीव कळवळायचा. मला कुशीत घेऊन ते साखर द्यायचे, आणि मी इतकी मोठी झालेली असूनही रीत काही मोडायचे नाहीत. फ्रीजसमोर उभं राहून त्याच्या दारावर धाडधाड हात मारायचे आणि वाडीतल्या आवाजात गरजायचे, "परत हात लावशील? लावून तर बघ, तोडून ठेवीन! ह्या घरात राहायचा हाय ना तुला?" मी हसू दाबायची. आई ओट्याकडे तोंड करून उभी असायची, तिची पाठ हलायची. ती हसतेय असं मी धरून चालायची.

गिरीजला आमच्या आणि शेजारच्या घराच्या मध्ये अख्खी वाडी होती. नंदनवनात मध्ये एक भिंत होती, आणि ती किती पातळ आहे याचा विचार आमच्यापैकी कोणी केला नव्हता. पलीकडे सावंतकाकू राहायच्या. मूळच्या मालवणकडच्या, पण जन्म गिरगावातल्या चाळीत गेलेला. काका पहाटे मुंबईला जायचे ते दिवेलागणीनंतर यायचे, मुलगा कॉलेजात. काकू दिवसभर एकट्या, आणि माणसांची भारी हौस. आई सुकेळी करायची, बाबांनी निवडून आणलेल्या राजेळी केळ्यांची, गच्चीवर उन्हात वाळवून, तेव्हा काकू काठी घेऊन कावळे हाकायला बसायच्या आणि दोघींच्या गप्पा चालायच्या. तशाच एका दुपारी आईने बाही वर सारली असणार आणि काकूंनी बघितलं असणार.

त्यानंतर एकदा त्यांनी मला जिन्यात गाठलं. "नंदा, घरी सगळं ठीक ना गं?" "हो." "बाबा रागावतात का फार?" मी विचार करून खरं तेच सांगितलं. "बाबांना राग आला की ते नारळ सोलतात." काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "आणि मारतात कधी?" "मारतात ना. फ्रीजला. आई पण मारते, भिंतीला." काकूंचे डोळे भरून आले. त्यांनी मला घरात नेऊन कांदाभजी खायला घातली, आणि मी निघताना म्हणाल्या, "काही वाटलं तर रात्री-अपरात्रीसुद्धा दार वाजव हो बाळा." मी भज्यांच्या आनंदात होते. त्या इतक्या प्रेमळ का झाल्यात हे काही मला कळलं नाही.

मोठं पडणं झालं ते गौरीच्या आधीच्या आठवड्यात. आई वालाच्या बिरड्याचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येत होती. पाय उंबऱ्यासाठी उचलला, उंबरा नव्हता, झोक गेला, आणि पातेलं सावरायच्या नादात ती कपाळ आणि डोळा चौकटीच्या कडेवर घेऊन आदळली. मी शाळेतून येऊन बघते तर फरशीभर बिरडं आणि मध्ये आई बसलेली, एक डोळा मिटलेला, पदराचा बोळा करून स्वतःच्याच डोळ्याला वाफ देत होती. मी तो बोळा तिच्या हातातून घेतला. माझ्या तोंडाची वाफ मला तिच्याइतकी गरम वाटेना. ती मात्र म्हणत होती, "बरा वाटते, बरा वाटते." मग म्हणाली, "नंदे, हा डोळा तुझ्या नावावर कसा घालायचा गो?" आणि आम्ही दोघी हसायला लागलो.

तेवढ्यात सावंतकाकू आल्या. पातेल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता. आईचा डोळा बघून त्या दारातच थांबल्या, तशाच माघारी गेल्या आणि वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाईंना घेऊनच आल्या. बाई शाळेत शिकवायच्या, इमारतीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. दोघींनी आईला धरून खुर्चीत बसवलं.

"राऊतवहिनी," काकू म्हणाल्या, "इतके दिवस मी गप्प बसले, चुकलंच माझं. भिंत पातळ आहे हो. आम्हाला सगळं ऐकू येतं. तोडून ठेवीन काय, ह्या घरात राहायचंय ना काय! कालसुद्धा ऐकलं मी."

आई एका डोळ्याने त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिला उलगडा झाला आणि तिला पुन्हा हसू फुटलं. "अवो, ते फ्रीजला बोलतात."

"फ्रीजला," बाई शांतपणे म्हणाल्या.

"ते नाय मारत ओ मना. मी पडते. माझी मीच पडते."

"सगळ्या बायका असंच म्हणतात वहिनी," काकू म्हणाल्या आणि त्यांनी आईचा हात घट्ट धरला. "माझी मोठी बहीणसुद्धा असंच म्हणायची. न्हाणीघरात पाय घसरला, दार लागलं. आम्ही सगळ्यांनी मानलं. तुमच्या बाबतीत मी नाही मानणार."

आईचं हसू तिथेच थांबलं. मी तिच्याकडे बघत होते आणि तिची अडचण मला त्या वयातही दिसली. बाबांना यातून सोडवायचं तर ती का पडते ते सांगावं लागणार. आणि ते एकदा या तोंडून त्या तोंडी गेलं की बाबांपर्यंत पोचणार, की तुम्ही आणलंत त्या घरात मला धड चालता येत नाही. हेच एक वाक्य त्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून तर तिने लांब बाह्या शिवल्या होत्या. गप्प बसावं तर माझे बाबा, ज्यांनी आयुष्यात मुंगीसुद्धा फुंकर घालून बाजूला केली, ते सगळ्या इमारतीत बायकोला मारणारे ठरणार. ती काही बोलेना. काकूंना त्या गप्प बसण्याचा अर्थ भलताच लागला, त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

आणि बाबा आले. दार उघडंच होतं. डोक्यावर केळीच्या पानांचा भारा नव्हता, हातात नुसती नारळांची पिशवी होती, वर चौकट त्यांच्यापेक्षा चांगली वीतभर उंच होती. तरी त्यांनी दारात मान खाली घातली, खांदे आवळले आणि मग आत येऊन ते सरळ झाले. सरळ झाल्यावर त्यांना बायकोचा डोळा दिसला. पिशवी खाली पडली, एक नारळ गडगडत कुलकर्णीबाईंच्या पायाशी गेला.

"काय झाला? अगो, काय झाला हा?"

"ते तुम्हीच सांगा," बाई उभ्या राहून म्हणाल्या.

बाबांना काही समजेना. ते आईपुढे उकिडवे बसले, तिची हनुवटी धरून डोळा उजेडाकडे वळवला. "पाणी आण नंदे," म्हणाले, आणि मी उठायच्या आत स्वतःच उठून स्वयंपाकघराकडे धावले. धावताना, एवढ्या घाईतसुद्धा, त्या दारातही ते वाकून आत गेले. पाणी घेऊन येतानाही वाकले.

सावंतकाकू आईचा हात तसाच धरून त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. "राऊतभाऊ," त्या म्हणाल्या, आवाज एकदम निराळाच, "तुम्ही दारात वाकता कशाला?"

"वाकतो? कोण वाकला?" बाबांनी वर चौकटीकडे बघितलं. मग तिच्याकडे नीट बघितलं, जणू पहिल्यांदाच. हात वर करून तिच्यापर्यंत पोचवला. मध्ये त्यांची अख्खी वीत मावली.

मग आई बोलली. खाली बघत, पण सगळं बोलली. "तुमची मान अजून तिकडे हाय, आणि माझे पाय. तुम्ही वाकता तर तुम्हाला लागत नाय. मी पाय उचलते ती पडते. नंदाला कधी काय लागला नाय. सगळा मनाच लागला."

कुलकर्णीबाई हळूच खाली बसल्या. बाबा आईच्या बाह्या वर करून एकेक डाग बघत होते, जुने पिवळे पडलेले, नवे निळे. "मना का नाय सांगितला?"

"सांगून काय? परत नेणार होतात?"

बाबा स्वयंपाकघराच्या दारापाशी गेले, गुडघ्यांवर बसले आणि सवयीने हात उगारला. मारायला तिथे काहीच नव्हतं. नुसती सपाट फरशी, बिरड्याने बरबटलेली. त्यांचा हात हळूहळू खाली आला आणि तिथेच टेकून राहिला. "हिला कोणी पाडला, तर मी पाडला," ते म्हणाले, इतक्या हळू आवाजात की बाबा हळू बोलू शकतात हे मला त्या दिवशी कळलं. आई उठली, तशीच एका डोळ्याने वाट काढत त्यांच्याजवळ गेली आणि शेजारी बसून तिने त्यांच्या हातावर एक चापटी मारली. अगदी हलकी. "झाला, मारला तुम्हाला. आता उठा. घरातलेच ना तुम्ही."

सावंतकाकू तोंडावर पदर धरून रडत होत्या. मग त्याच उठल्या, फडकं आणलं आणि बिरडं पुसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी बाबा गाळ्यावर गेले नाहीत. गिरीजचं घर अजून पाडलेलं नव्हतं, तिथे सिमेंटच्या गोणी ठेवत असत. शेजारचे पास्कूमामा सुतारकाम करायचे, त्यांना बरोबर घेऊन बाबांनी माजघरातून स्वयंपाकघरात जातानाचा तो उंबरा चौकटीतून सोडवला. टेम्पोतून तो नंदनवनात आला तेव्हा जिन्यात मुलं गोळा झाली. सागाचा, काळाभोर, मध्ये पायांनी झिजून खोलगट झालेला, आणि त्या खोलगटात अजून कुंकवाचा लाल डाग. पास्कूमामांनी तो नव्या चौकटीत बसवला, वर हात फिरवला आणि म्हणाले, "पायरी नाय ओ आणता येत, राऊतशेठ. येवढाच आला."

"येवढा पुरे," आई म्हणाली. मग पाण्याने भरलेली कळशी काखेत घेऊन, समोर बघत, ती तो ओलांडून आत गेली. पायरी नव्हती, पण उंबरा तळव्याला लागला की पाय सावध होतो. तिचा पाय जरा थांबला, फरशी चाचपली आणि टेकला. कळशीतलं पाणी जरा हिंदकळलं, सांडलं नाही. बाबा भिंतीला टेकून उभे होते, त्यांनी तोंड फिरवून घेतलं.

आई त्यानंतर पडली नाही. बाकीची सगळी इमारत मात्र पडायला लागली. फ्लॅटमध्ये, तेही स्वयंपाकघराच्या दारात, एवढा उंच उंबरा असेल अशी कोणाला कल्पना? गॅसवाला पडला, मीटर बघायला आलेला माणूस पडला, कुलकर्णीबाईंचा अंगठा फुटला. पहिली ठेच अर्थातच सावंतकाकूंना, गौरीच्या दिवशी, हातात घावनांचं ताट. त्या मटकन खाली बसल्या. आई धावत आली आणि काकूंच्या शेजारी फतकल मारून उंबऱ्याला फाडफाड मारायला लागली. "मेल्या, माझ्या काकूला पाडतोस?" काकू आधी चकित होऊन बघत राहिल्या, मग त्यांनीही हात उगारला आणि दणादण चार ठेवून दिल्या. "आणि माझ्या वहिनीला पाडत होतास तो? परत पाडशील? बोल!" दोघी हसता हसता एकमेकींच्या अंगावर कलंडल्या. आंबेहळद मी उगाळली.

आई सावरली, बाबा मात्र वाकतच राहिले. दार उंच आहे हे आता त्यांना ठाऊक होतं, आम्ही चिडवायचो, तरी मान खाली जायचीच. मी नोकरीला लागले, लग्न करून नालासोपाऱ्याला गेले, कधीही माहेरी गेले की दारात आधी बाबांचं टक्कल दिसायचं, मग चेहरा. मागाहून मला वाटायला लागलं की ते आता चौकटीला नव्हे, आत असलेल्या कोणाला तरी मान लववतात. हे मी त्यांना कधी बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी नारळ सोलायला घेतला असता.

ते गेले तेव्हा सकाळची वेळ होती. फार आजारी नव्हते, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत राहिले नाहीत. खाली माणसं जमली, गिरीजहून काका आले, पास्कूमामा काठी टेकत आले. त्यांना तिरडीवर बांधून चौघांनी उचललं आणि दाराकडे वळले. आई तोवर भिंतीला टेकून उभी होती. दारापाशी आल्यावर ती एकदम पुढे झाली.

"हळू रे," ती म्हणाली, "त्यांचा डोका लागंल."

खांदा देणारी मुलं इमारतीतली, नव्या पिढीतली. त्यांनी वर बघितलं. चौकट कुठल्या कुठे वर होती. ती गोंधळून एकमेकांकडे बघायला लागली. सावंतकाकू माझ्या मागे उभ्या होत्या, सत्तरीच्या, गुडघ्यांनी गांजलेल्या. त्या गर्दीतून वाट काढत पुढे गेल्या, बाबांच्या कपाळावरच्या घट्ट्यावर त्यांनी आपला तळहात आडवा धरला आणि बाबा दाराबाहेर पडेपर्यंत तो तसाच धरून ठेवला.